नाव घेऊन केलेली क्षमा

माणसानं देवाशी खुशाल बोलावं, पण जरा हळू बोलावं, हे एलिशिबाबाई वडागळ्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तेही बोलून झाल्यावर.

शुक्रवारची संध्याकाळ होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेतात, म्हणून आदल्या शुक्रवारी कुणा एकाच्या घरी तयारीची प्रार्थना होते. या खेपेला पाळी एलिशिबाबाईंची होती. मानपाड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत चौदा माणसं दाटीवाटीनं गुडघ्यांवर बसली होती. एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, मनातलं किल्मिष बाहेर काढायचं, कुणाशी वाकडं असेल तर आधी ते सरळ करायचं आणि मगच रविवारी भाकरीला हात लावायचा, असा नेम. बहुतेक जण तो नेम मोघम पाळतात. "प्रभू, कुणी आमचं वाईट केलं असेल तर आम्ही त्याला क्षमा करतो," एवढं म्हटलं की भागतं. कुणी म्हणजे कोण, हे देवाला ठाऊक असतं आणि शेजारी बसलेल्याला कळायची गरज नसते.

पण एलिशिबाबाई पडल्या नर्स. कल्याणच्या एका सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं काढलेली बाई. पेशंटचं नाव, औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ, यांतलं काहीही मोघम ठेवलं की माणूस दगावतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि वॉर्डात सांगावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "प्रभू, राघो भोईरला मी माझ्या शांतवनच्या मरणाची क्षमा करते. ते त्याच्या टँकरखाली गेले, हे तुला आणि मला ठाऊक आहे. आमेन."

त्या आमेनला कुणीही साथ दिली नाही. एलिशिबाबाईंनी डोळे उघडले तेव्हा चौदा जोडी डोळे त्यांच्याकडे लागलेले होते, आणि त्यांतली एक जोडी गंगुबाईची होती. गंगुबाई मंडळीतली नव्हे. प्रार्थनेनं आपल्या गुडघ्याची कळ उतरते असा तिचा अनुभव होता, म्हणून ती दर शुक्रवारी येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची. एरवी ती भोईरांच्या बंगल्यावर धुणीभांडी करायची. ती त्या दिवशी चहा न घेता उठली. आणि गंगुबाई चहा सोडून उठली, म्हणजे बातमी चहापेक्षा गरम होती.

एलिशिबाबाईंच्या ध्यानात आलं ते तेव्हा. दोन वर्षांत पोलिसांना, मुलीला, मंडळीच्या पाळकसाहेबांना, कुणालाच जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी एका दमात चौदा माणसांना सांगून टाकलं होतं. बिचाऱ्या क्षमा करायला गेल्या आणि आरोप करून बसल्या.

पोलिसांच्या कागदावर शांतवन वडागळ्यांचा बळी अज्ञात वाहनानं घेतला होता. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. शांतवन एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. रोज पहाटे सायकल काढून रस्त्यानं एक फेरी मारायचे. त्या दिवशी सव्वासहाच्या सुमाराला गेले ते गेलेच. कुणी पाहिलं नाही, कुणी थांबलं नाही. सातनंतर एका रिक्षावाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी आणण्यापूर्वीच मृत असं लिहिलं. घरी फोन आला तेव्हा साडेसात वाजले होते.

आता कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट. त्या सकाळी साडेसहाला एलिशिबाबाईंच्या दाराची बेल वाजली होती. दारात राघो भोईर. कपाळातून रक्त गळतंय, रुमाल चिंब. "सिस्टर, लोखंडी गेटवर आपटलो," म्हणाला. राघो म्हणजे इथल्या मूळ घरातला. बाईंची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती त्याच्या आजोबांची भातशेती. आता त्याचे पाण्याचे टँकर चालतात आणि लोक त्याला राघोशेठ म्हणतात. पण एलिशिबाबाई मानपाड्यात राहायला आल्या तेव्हा तो शाळेतलं पोरगं होता. त्याला धनुर्वाताची सुई टोचताना त्याच्या आईनं त्याचे पाय धरले होते. म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे त्याला खुर्चीत बसवलं, ट्रे काढला आणि जखम धुतली. जखमेतून काचेचे बारीक तुकडे निघाले. लोखंडी गेटला काच कशी, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. दवाखान्यात गेला असता तर जखमेची पोलिसांत नोंद झाली असती, म्हणून हा इथं आला असेल, कुठं मारामारी केली असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी निवांत चिमट्यानं एकेक तुकडा काढला, पट्टी बांधली आणि वर चहा पाजला. चाळीस मिनिटं गेली.

साडेसातला फोन आला आणि त्यांचं गणित जुळलं. चार दिवस भोईरांचा टँकर रस्त्यावर दिसला नाही, पाचव्या दिवशी नवी काच लावून आला, तेव्हा तर उरलीसुरली शंकाही फिटली.

त्या बोलल्या का नाहीत? भ्याल्या म्हणून. याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. एकटी बाई, मुलगी ठाण्याला वर्तकनगरात दिलेली, घर भोईरांच्या हद्दीत, पाणी भोईरांच्या टँकरचं. पण या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती आणि ती राघोपेक्षा कितीतरी मोठी होती. त्या चाळीस मिनिटांत शांतवन जिवंत होते की नव्हते? आपण ज्याच्या कपाळातली काच काढत होतो, त्यानं रस्त्यावर टाकलेला आपला नवरा तेव्हा श्वास घेत होता का? शवविच्छेदनाच्या अहवालात ते लिहिलेलं असणार आणि बाईंना तो अहवाल वाचताही येत होता. त्यांनी अहवालाचं पाकीट कधी फोडलंच नाही.

उलट पुढं आठ महिने त्या एकाआड एक दिवस भोईरांच्या बंगल्यावर जात राहिल्या. राघोची आई सगुणाबाई, तिच्या साखरेनं सडलेल्या पायाचं ड्रेसिंग करायला. नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. राघो ओटीवर भेटला की दोघंही मान खाली घालायचे. तो का घालतो ते त्यांना कळत होतं. आपण का घालतो ते मात्र त्यांना कळत नव्हतं.

मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी त्या स्वतः काही न घेता ताटली पुढं द्यायच्या. भाकरीची ताटली आली की शेजारणीकडं, पेल्यांचा ट्रे आला की शेजारणीकडं. नवरा गेल्याचं दुःख आहे, असं समजून लोकांनी विचारलं नाही. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेत, आमचे अपराध सोड जसे आम्ही इतरांचे सोडतो, अशा अर्थाची जी एक ओळ आहे, तिथं त्यांचे ओठ दोन वर्षं मिटत होते. नेवाशाकडच्या ज्या मिशन दवाखान्यात त्या शिकल्या तिथली मेट्रन मोठी खट होती. दोन नर्सांचं भांडण झालं की ती दोघींना चादरींच्या घड्या घालायला लावायची. चार टोकं, चार हात. बोलल्याशिवाय घडी जुळत नाही. "क्षमा मनात येईपर्यंत वाट बघू नका, ती येत नसते. आधी ठरवा, मन मागून येतं लंगडत," असं ती म्हणायची. एलिशिबाबाईंना हे पटलेलं होतं. जमत नव्हतं, एवढंच.

मग महिन्यापूर्वी नाक्यावरच्या भाजीवालीपाशी राघो मेथी निवडताना दिसला. बरोबर त्याची सात वर्षांची सान्वी. पोरगी हात सोडून रस्त्याकडं पळाली आणि एलिशिबाबाईंच्या मनात आलं, येऊ दे एखादी गाडी. कळू दे याला.

पुढच्याच क्षणी त्यांना दरदरून घाम फुटला. डेंग्यूत याच सान्वीच्या उशाशी त्या तीन दिवस बसल्या होत्या. आपल्या आत काय शिजतंय ते त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिलं आणि त्या मनापासून घाबरल्या. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की पुढच्या तयारीच्या प्रार्थनेत क्षमा करून टाकायची, नावागावासकट, म्हणजे मागं फिरता येणार नाही. आणि खरंच, आता मागं फिरता येत नव्हतं.

शुक्रवारी लोक पांगले न पांगले तोच मुलीचा, कल्पिताचा, फोन आला. मंडळीतल्या कुणीतरी तिला कळवलं होतंच. "मम्मी, तुला दोन वर्षं माहीत होतं? आणि मला नाही सांगितलंस? मी उद्या सकाळी येते, आपण डायरेक्ट पोलीस स्टेशनला जाऊ. नाहीतर तू बॅग भर आणि इकडं निघून ये." बाई म्हणाल्या, "बघू गं." तिला रडू फुटलं आणि तिनं फोन ठेवला. पाठोपाठ पाळकसाहेबांचा फोन आला. माणूस सज्जन, पण आवाज कापत होता. "बाई, क्षमा केलीत हे फार उत्तम केलंत. पण नाव कशाला घेतलंत? आपल्या सभा लोकांच्या घरात होतात हो. उद्या काही वाकडं झालं तर?" म्हणजे आधार द्यायला ज्यानं फोन केला, त्याचंच धाबं दणाणलेलं. एलिशिबाबाईंनीच त्याला धीर दिला आणि मग दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या.

शनिवारी सकाळी नऊला बिल्डिंगचा टँकर येतो. आला नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. प्रत्येक गाडीच्या आवाजाला त्या गॅलरीच्या पडद्याआड उभ्या राहून खाली पाहत होत्या. दहा वाजता बेल वाजली आणि त्यांच्या हातातली किसणी खाली पडली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव होते, समोरच्याच दारात राहणारे.

"सिस्टर, टँकर नाही आला. फोन केला तर राघोशेठ म्हणतात, आधी सिस्टरशी बोलायचंय, मग पाणी. दुपारी येतायत ते. काय मॅटर आहे?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"काही नाही कसं? टाकीत तळाला पाणी आहे. बावीस बिऱ्हाडं आहेत. जे काय असेल ते मिटवून टाका ना. मोठ्या लोकांशी आपल्याला परवडतं का?" उत्तमराव हे बोलून पुटपुटत आत गेले.

दुपारपर्यंतचे ते तीन तास बाईंना आयुष्यभर पुरतील. त्यांनी दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. कल्पिता माजिवड्याच्या चौकात गर्दीत अडकली होती, तिला यायला दीड तास लागणार होता. पोलिसांचा नंबर फिरवायला घेतला आणि मध्येच फोन ठेवला. सांगणार काय? एक माणूस मला भेटायला येतोय? भीतीनं त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती, आणि नेमकं घरात पाणी तांब्याभर. प्रार्थना करायला बसल्या तर शब्द सुचेनात. दोन वर्षं पाहिलेलं सगळं डोळ्यांपुढं यायला लागलं, भोईरांच्या ओटीवर बसणारी दांडगी पोरं, त्यांच्या गाड्या, त्यांचे मोठे आवाज. आपल्याला काय होईल? फार तर मारतील. पण कल्पिताचं घर त्यांना माहीत आहे का? हा विचार आला आणि त्या खालीच बसल्या.

एक वाजता राघो आला. एकटाच. पांढरा शर्ट, काखेत प्लास्टिकचं फोल्डर. कपाळावरचा व्रण त्यांना दारातूनच दिसला. चांगला बसला होता व्रण, त्यांच्याच हातचा.

"येऊ का, सिस्टर?"

त्या बाजूला झाल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. राघो खुर्चीत बसला नाही. बराच वेळ फोल्डरची चेन उघडबंद करत राहिला. मग म्हणाला, "किती लोकांपुढं बोललात?"

"चौदा."

"गंगुबाई धरून?"

"धरून."

"पोलिसांत?"

"नाही."

त्यानं श्वास सोडला. फोल्डरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. स्टॅम्पपेपर होता. भोईरांच्या घरात जमीन विकली तर स्टॅम्पपेपर, भावाभावांत भांडण मिटलं तर स्टॅम्पपेपर, लग्न मोडलं तरी स्टॅम्पपेपर. शब्दावर त्यांच्या तीन पिढ्या फसल्या होत्या, तेव्हापासून लिहून घेतल्याशिवाय त्या घरात काहीच खरं धरत नाहीत. "तुम्ही मला माफ केलंय म्हणता ना," राघो म्हणाला, "मग तेवढं लिहून द्या. वकिलाकडून टाइप करून आणलंय. खाली सही करा, विषय संपला. अर्ध्या तासात टँकर पाठवतो."

एलिशिबाबाईंनी चष्मा लावला. कागद टेबलावरच ठेवून वाचला. त्यात लिहिलं होतं की, त्यांचे पती सायकलवरून तोल जाऊन पडल्यानं मयत झाले, कोणत्याही वाहनाची धडक बसलेली नाही, श्री. राघो भोईर यांचा या घटनेशी काही संबंध नाही, आणि पतिनिधनाच्या दुःखात मनावर परिणाम होऊन आपल्याकडून त्यांचं नाव चुकीनं घेतलं गेलं. खाली त्यांचं नाव, सहीला जागा.

त्यांनी पेन उचलला. खरं सांगायचं तर त्या सही करणार होत्या. भीती माणसाचा हात धरून लिहिते. एक सही केली की टाकीत पाणी येईल, उत्तमराव गप्प होतील, पाळकसाहेबांचा आवाज कापायचा थांबेल, कल्पिता सुखरूप राहील. पेनाचं टोक कागदाला लागलं. 'ए' काढून झाला.

आणि तिथंच त्या अडल्या. पुन्हा वरपासून वाचलं. मग पेन खाली ठेवला.

"राघो, यात लिहिलंय की तू काही केलंच नाहीस."

"ते तसंच लिहितात, सिस्टर. वकिलाची भाषा."

"मग मी माफ काय करू?"

राघोनं फोल्डरची चेन पुन्हा ओढली.

"तू काही केलंच नसशील तर माझी क्षमा कशाची रे? हा कागद खरा असेल तर काल मी देवापुढं खोटं बोलले. माफ केलंय मी तुला. ते मागं घेत नाही. पण घडलंच नाही असं लिहून देणार नाही. त्यांना मारलं ते मारलं, वर आपणच तोल जाऊन मेले असं माझ्या हातानं लिहून देऊ? मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन, पोलिसांनी विचारलं तरी. पण तुझं वाईट व्हावं असं मी मागणार नाही. एवढंच आहे माझ्याकडं."

हे सगळं त्या बोलल्या खऱ्या, पण धीटपणे बोलल्या असं कुणी समजू नये. आवाज चिरकत होता आणि डोळे दाराकडं होते. राघो उठला. दोन ढांगांत दारापाशी गेला आणि त्यानं दार लोटून आतून कडी घातली.

संपलं, असं एलिशिबाबाईंना वाटलं. हाताला लागली ती किसणीच त्यांनी उचलली आणि छातीशी धरली.

राघो कडीवर हात ठेवून, पाठमोरा, तसाच उभा राहिला. मग दाराला टेकून खाली सरकला आणि फरशीवर बसला. चाळिशी उलटलेला, शेठ म्हणवणारा माणूस तोंडात शर्टाची बाही कोंबून रडायला लागला. बिल्डिंगला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं दार लावलं होतं.

"मना माहीत नव्हतं ते तुमचे," तो म्हणाला. शहरात बोलायची त्याची भाषा कुठल्या कुठं गेली, आईची बोली तोंडात आली. "आईशपत नव्हतं माहीत. ड्रायव्हर आयला नव्हता, मी सोता गाडी काडली. धुकं व्हतं. तुमच्याकडं आयलो तवा पण नाय माहीत. दुपारी कललं."

बाईंनी किसणी खाली ठेवली. आता विचारायचं नाही, असं त्या स्वतःला बजावत होत्या. विचारू नको, एलिशिबा. क्षमा करून झालीय, आता विचारू नको. आणि त्यांनी विचारलं.

"तू थांबला होतास?"

"उतरलो व्हतो."

"जिवंत होते?"

राघोनं वर पाहिलं नाही. मग म्हणाला, "हात हलवत व्हते. मना बोलवत व्हते, असा," आणि त्यानं फरशीवरून आपला हात चार बोटं वर उचलून दाखवला. "मी भ्यालो. गाडीत बसलो नि पलालो."

दोन वर्षं ज्या पाकिटाला बाईंनी हात लावला नव्हता ते असं फुटलं. त्यांच्या घरापासून तो रस्ता चालत सात मिनिटांवर. त्यांच्या कपाटात सगळं होतं, पट्ट्या, सलाईन, सुया, आणि हातांत चौतीस वर्षांचं काम. सात मिनिटं. त्या वेळात त्यांनी राघोच्या चहात दोनदा साखर घातली होती, रक्त गेलंय म्हणून.

त्यांच्या आतून जे वर आलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. ते फार काळं होतं. राघोच्या केसांत हात घालून त्याचं डोकं दारावर आपटावं, तो व्रण पुन्हा फोडावा, त्याच्या घरावर, त्याच्या पोरीवर तोंडाला येतील ते शाप द्यावेत. आता त्यांना राघोची भीती उरली नव्हती. स्वतःची इतकी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "बाहेर जा."

"सिस्टर, काल तुम्ही..."

"काल मला ठाऊक होतं तेवढ्याची केली. हे मला आज कळलं. जा राघो, माझ्या तोंडून काही निघायच्या आत जा."

तो उठला. कागद टेबलावरच राहिला. त्यानं कडी काढली, बाहेर पडला आणि मागं दार ओढून घेतलं. जिन्यावर त्याच्या चपला वाजायला लागल्या, एकेक पायरी, सावकाश.

एलिशिबाबाई खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या. त्यांना स्वच्छ कळत होतं की हा माणूस जिना उतरून गेला की आतलं ते काळं इथंच राहणार, या दोन खोल्यांत, त्यांच्याबरोबर जेवायला बसणार आणि मरेपर्यंत उठणार नाही. मनाला विचारलं असतं तर मन नाही म्हणालं असतं, आज, उद्या आणि दहा वर्षांनीही. म्हणून त्यांनी मनाला विचारलं नाही. त्या धावल्या, दार उघडलं आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकल्या.

"राघो! हेही!"

चपला थांबल्या. "काय, सिस्टर?"

त्याला नीट ऐकू गेलं नव्हतं. पुन्हा बोलायचं म्हणजे काय, ते त्यांना आता पक्कं ठाऊक होतं. कालच त्यांनी चौदा माणसांपुढं बोलून पाहिलं होतं, आणि हा तर बावीस बिऱ्हाडांचा जिना. टँकर नाही म्हणून सगळी घरात, सगळी दारं किलकिली. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारावी तशा ओरडल्या, "हेही माफ केलं! ते हात हलवत होते आणि तू त्यांना टाकून गेलास, तेही!"

तीन मजल्यांवरची दारं उघडली. समोरून उत्तमराव बाहेर आले, एकदा बाईंकडं आणि एकदा खाली उभ्या राघोकडं पाहत. "कोण हात हलवत होतं? काय झालं, शेठ?"

राघो दोन जिन्यांच्या मधल्या जागेत उभा होता. खाली जायला वाट मोकळी होती. तो हसून काहीतरी बोलू शकला असता, बाईंचं डोकं फिरलंय म्हणू शकला असता, कागदावर लिहून आणलंच होतं तसं. सगळ्यांनी ते मानलंही असतं, पाण्यासाठी का होईना. एलिशिबाबाई त्याच्याकडं पाहत राहिल्या.

"वडागळेकाका," राघो म्हणाला. "मी उडवलं त्यांना. माझ्या गाडीनं."

एलिशिबाबाई दाराच्या उंबऱ्यावर खाली बसल्या. आता पुढं काय होणार, पोलीस, भोईरांची पोरं, कल्पिता, पाणी, काहीच त्यांना दिसत नव्हतं आणि सगळ्याचीच भीती वाटत होती. राघो पुन्हा वर आला, दोन पायऱ्या खाली थांबला आणि विचारलं, "सिस्टर, माझ्याबरोबर पोलीस स्टेशनला याल का? एकट्याची हिंमत नाही होत."

"मलाही नाही होत," त्या म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.